विंडोज सर्व्हर २०१६ वर एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइल शेअर करायचा जुना प्रोटोकॉल) बंद केलं तर फाइल शेअरिंग अडेल का? बंद कसं करायचं?

नाही अडणार, विंडोज ७ पासून पुढची सगळी मशीन एसएमबी २ किंवा ३ वर बोलतात, तेव्हा बंद कराच. सर्व्हर मॅनेजरमध्ये 'मॅनेज'खाली 'रिमूव्ह रोल्स अँड फीचर्स' उघडा, फीचर्सच्या यादीत 'एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट'वरची खूण काढा आणि सर्व्हर रीस्टार्ट करा. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी १ च्याच त्रुटीतून पसरला. ती त्रुटी पॅचने बुजली, पण या प्रोटोकॉलमध्ये एन्क्रिप्शन मुळातच नाही, त्याला पॅच काय करणार?

खरी अडचण येते ती फक्त एसएमबी १ वर बोलणाऱ्या जुन्या कॉपिअरची. 'स्कॅन टू फोल्डर' गुपचूप बंद पडतं आणि दोष पासवर्डला दिला जातो. म्हणून आधी पॉवरशेलमधून (विंडोजमध्ये कमांड द्यायचं साधन) सर्व्हरच्या एसएमबी कॉन्फिगरेशनमध्ये एसएमबी १ अ‍ॅक्सेसचं ऑडिट, म्हणजे कोण वापरतंय त्याची नोंद, चालू करा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एसएमबी सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये इव्हेंट ३००० दिसला, की कोणतं यंत्र अजून अडकलंय त्याचा पत्ता तिथेच मिळतो. महिनाअखेरीची कामं त्यात येतील इतके दिवस तरी लॉग पाहा. आणि चुकून एसएमबी २ बंद करू नका. एसएमबी ३ सुद्धा त्याच्याबरोबर जातं.