संपाचा कायदा जनतेपुढे ठेवला की कामगार हरतोच का?

"संपाने लोक वैतागलेले असतात, मग संपाच्या कायद्यावर थेट जनतेचं मत घेतलं तर निकाल कामगारांच्या विरोधातच जाणार ना?" असं तुम्ही विचारलंय. नाही, तसं ठरलेलं नसतं. 2011 साली मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसला होतो. मला मतदानाचा हक्क नव्हता, पण सगळं डोळ्यांदेखत घडलं.

त्या मार्चअखेर गव्हर्नर जॉन केसिक यांनी 'सिनेट बिल 5' वर सही केली. राज्यातल्या साधारण साडेतीन लाख सरकारी कर्मचाऱ्यांना संपबंदी, शिवाय वाटाघाटीत कोणते विषय काढायचे यालाही कात्री. पोलीस आणि अग्निशमनवाल्यांना आधीच्या, 1983 च्या कायद्यातही संपाचा हक्क नव्हता. त्याच्या बदल्यात लवादाचा निवाडा दोन्ही बाजूंना बंधनकारक असायचा. नव्या कायद्याने तो लवादही काढून घेतला. माझ्या मते सरकारचं गणित इथेच चुकलं.

माझा शेजारी अग्निशमन दलात होता. अंगणात पाटी ठोकता ठोकता म्हणाला, "पगाराचं सोड. आगीवर जाताना गाडीत किती माणसं हवीत, हेसुद्धा आता आम्ही मागायचं नाही." एवढं ऐकल्यावर गल्लीत कुणाला कायद्याची कलमं समजावून सांगावी लागली नाहीत.

कायदा मतदानाला न्यायला 2,31,147 सह्या पुरत होत्या. जूनअखेर जवळपास 13 लाख सह्यांची खोकी ट्रकमध्ये भरून मिरवणुकीने नेली! मतपत्रिकेवर मात्र एक गोची होती. प्रश्न होता, कायदा ठेवायचा का? म्हणजे कामगारांच्या बाजूच्या माणसाने 'नाही'वर खूण करायची. शेजारी दारोदार हेच समजावत फिरायचा.

8 नोव्हेंबरला सुमारे 62 टक्के मतदारांनी कायदा उडवला, 88 पैकी 82 काउंट्यांमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये). त्याच दिवशी, त्याच मतदारांनी ओबामांच्या आरोग्य विम्याच्या सक्तीविरुद्धचा प्रस्तावही जवळपास 66 टक्क्यांनी मंजूर केला. ओबामांचा डेमोक्रॅटिक पक्ष तर कामगारांच्या बाजूचा. तेव्हा हा पक्षाचा कौल होता असं मला कुणी सांगू नये. आपल्याकडे मेस्मा (अत्यावश्यक सेवांमधले संप रोखणारा कायदा) विधिमंडळातच मंजूर होतो, लोकांना असं निवडून सांगायची सोयच नाही, याची मला खंत वाटते.

अर्थात उलटंही घडलंय. 1938 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी संप-पिकेटिंगवर (म्हणजे कामाच्या जागेबाहेरच्या निदर्शनांवर) बंधनं घालणारा प्रस्ताव फेटाळला, पण शेजारच्या ऑरेगॉनमध्ये त्याच धर्तीचा प्रस्ताव मंजूर झाला. तो पुढे 1940 मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला.