सीटवरचा भंडारा लाल का झाला, आणि आता काय करायचं

तुमचा प्रश्न नीट वाचला. सोलापुरातल्या बाळ्याच्या खंडोबाहून येताना गाडीच्या मागच्या सीटवर भंडारा सांडला, तुम्ही कपड्याची पावडर कालवून ब्रशने घासलं आणि पिवळा डाग लालभडक होऊन दुप्पट पसरला. पुढच्या सीटवर शेंगाचटणीचं तेल, मधे चहाचे जुने ओघळ, आणि घासून झाल्यावर सगळीकडे पाण्याच्या कडा उमटल्या. सीट फिक्या बदामी कापडाच्या. दुकानदार म्हणतोय की स्टीम मारून साफ करून देतो. तर मारू द्यावी का?

भंडाऱ्यावर तरी नको. चहाचं पुढे बघू.

मी बरीच वर्षं टॉवेलच्या कारखान्यात डाइंग (रंगाई) खात्यात काढली, म्हणून आधी रंगाचं सांगतो. हळदीतला रंग म्हणजे कर्क्युमिन. तो आम्लात पिवळा राहतो आणि अल्कलीत लाल होतो. कपड्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तो अल्कली. ओवाळायच्या ताटात हळद आणि चुना कालवून लाल पाणी करतात ना, तेच तुमच्या सीटवर झालंय. म्हणजे लाल झालेला डाग 'पक्का बसलेला' नाही, तो अजून हळदच आहे. घाबरू नका. पण खायचा सोडाही त्यावर टाकू नका, तोही अल्कलीच.

दुसरी गोष्ट धाग्याची. गाडीच्या सीटचं कापड बहुतेक पॉलिस्टर असतं आणि त्याच्या पाठीला फोमचा पातळ थर चिकटवलेला असतो. पॉलिस्टर सुतासारखं नाही. ते पाण्यातले रंग पटकन घेत नाही, पण तापलं की धागा सैल होतो आणि कर्क्युमिनसारखे रंग आत शिरतात. पॉलिस्टर रंगवायला डाइंगमध्ये १३० अंशांपर्यंत तापवतात ते याच कारणाने. स्टीमची वाफ तेवढी गरम नसते, तरी हळदीवर वाफ धरणं म्हणजे डागाला आत जायला दार उघडून देणं. गरम पाणीही नको, हेअर ड्रायरही नको.

आता काम कसं करायचं ते सांगतो. शिवणीत आणि पायपिंगच्या, म्हणजे कडेच्या गोटाच्या, खाचेत अजून कोरडा भंडारा अडकलेला असणार. तो आधी काढा. व्हॅक्युमची चिंचोळी नळी एका हातात, कोरडा मऊ टूथब्रश दुसऱ्या हातात. ब्रशने उडवायचं आणि नळीने लगेच ओढायचं. हाताने झटकू नका, तळहाताच्या घामाने नवा डाग पडतो. ही पायरी गाळली तर पुढे पाणी लागल्याबरोबर शिवणीतून पिवळा ओघळ येतो आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

मग पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी दोन भाग, स्प्रेच्या बाटलीत. आधी सीटच्या मागच्या कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी मारून बघा. सीटचा मूळ रंग उतरत नसेल तर लाल डागावर हलका फवारा द्या आणि थांबा. थोड्याच वेळात लाल रंग मावळून पिवळा व्हायला लागतो. पावडरीचा राहिलेला अंशही त्याने मरतो. पांढऱ्या टॉवेलने दाबून टिपा. घासायचं नाही. हे परत परत सांगावं लागतं, कारण हात आपोआप घासायला जातो. घासल्याने डाग पसरतो आणि कापडाचे तंतू उभे राहून ती जागा कायमची खरखरीत, काळपट दिसते. तुम्ही ब्रश मारलेल्या जागेवर हात फिरवून बघा, कळेल.

पिवळं झालेलं पाण्याने जाणार नाही, कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. ते अल्कोहोलात विरघळतं. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल (एक प्रकारचं स्पिरिट) मिळतं, ते घ्या. सीटवर ओतू नका, टॉवेलच्या घडीला लावा आणि डागावर दाबा, कडेकडून मधे येत. टॉवेल पिवळा होताना डोळ्यांनी दिसतो. घडीची बाजू प्रत्येक दाबाला बदला, नाहीतर काढलेला रंग परत सीटला लावाल. टॉवेलला पिवळं लागायचं थांबलं की तुम्हीही थांबा. चारही दारं उघडी हवीत, आसपास विडी-सिगारेट, उदबत्ती काही नको. आणि हे काम सावलीत, गाडी थंड असताना करा. तापलेल्या बंद गाडीत स्पिरिटची वाफ कोंडणं धोक्याचं आहे.

इतकं करून एक फिकट पिवळी छटा राहीलच. तिला औषध ऊन. कर्क्युमिन उजेडाने मोडतं. हळदीचा डाग पडलेला पांढरा शर्ट आई उन्हात टाकायची तो काही गैरसमज नव्हता. काचेतून आलेल्या उन्हानेही फरक पडतो, फक्त सावकाश. कापड पूर्ण कोरडं झालं की दार उघडं ठेवून डागावर थेट ऊन येईल अशी गाडी सकाळी लावा. काही दिवस गेले की बघा. आपल्याकडे बाकी कशाची टंचाई असली तरी उन्हाची नाही.

टॉवेलबद्दल थोडं, कारण या सगळ्यात खरं काम तोच करतो. सोलापुरी टर्किश टॉवेलची फासे असलेली वीण पाणी ओढायलाच केलेली असते. पण नवा कोरा नको. नव्या टॉवेलवर सॉफ्टनर असतो, तो पाणी ढकलतो. घरातला जुना, पुष्कळ वेळा धुतलेला, पांढराच घ्या. रंगीत टॉवेल किंवा चादरीचा तुकडा अजिबात नको. ओलं कापड आणि स्पिरिट दोन्ही एकत्र आले की गडद रंगाची खात्री मी स्वतः डाइंगवाला असून देणार नाही. मायक्रोफायबर कापड पुसायला छान, पण खोलवरचं ओढून काढायला जुना टर्किशच.

शेंगाचटणीचं तेल. यात दोन डाग आहेत, तेल आणि मिरचीचा लाल रंग, आणि तो रंग तेलातच विरघळलेला असतो. म्हणून तेल काढलं की रंग बराच जातो. वरचा चटणीचा चुरा चमच्याच्या कडेने खरवडून उचला. मग मक्याचं पीठ किंवा टाल्कम पावडर जाड थरात घाला, हलकं दाबा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पीठ तेलकट गोळ्यांसारखं झालेलं दिसेल. व्हॅक्युम करा, गरज वाटली तर पुन्हा एकदा. मग अर्धा लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब, फेस करा, आणि पाणी नाही तर फेसच स्पंजने डागावर लावा. दोन-तीन मिनिटांनी ओल्या फडक्याने, मग कोरड्या टॉवेलने टिपा. भांड्यांचं लिक्विड जास्त टाकायचा मोह होतो, पण आत राहिलेला साबण पुढे धूळ धरून ठेवतो आणि महिन्याभरात तीच जागा काळी पडते. 'डाग परत आला' म्हणून लोक सांगतात, त्यातला निम्मा मामला हाच.

उरलेला निम्मा फोमचा. वरून कापड स्वच्छ दिसतं, खाली फोममध्ये मळकं पाणी असतं. वरचा भाग सुकायला लागला की समईतल्या वातीत तेल चढावं तसं ते पाणी वर चढतं, वर येऊन सुकतं आणि मळ तिथेच सोडतं. म्हणून पाणी जितकं कमी घालाल तितकं बरं, आणि घातलेलं बाहेर काढलंच पाहिजे. टॉवेलची जाड घडी ठेवून त्यावर गुडघा टेकवा आणि अंगाचं वजन द्या. घडी ओली लागली की बदला. शेवटची कोरडी घडी तशीच ठेवून तिच्यावर पाट आणि वजन ठेवून रात्रभर सोडा. जे वर चढायचं ते टॉवेलमध्ये चढेल. ओलं ओढणारा व्हॅक्युम कुणाकडून मिळाला तर उत्तमच.

पाण्याच्या कडांचं कारणही हेच, त्यात आपल्या बोअरच्या पाण्याची भर. पाणी कडेला जाऊन सुकतं आणि धूळ, साबण, क्षार तिथे रेघ करून ठेवतं. नळाचं पाणी आपल्याला रोज नाही, म्हणून गाडी धुवायला बोअर, आणि सीटला तेच पाणी लागतं. शेवटच्या हाताला आरओचं पाणी वापरा, फार लागत नाही. आणि फक्त कडेवर पुसू नका, कड तेवढी पुढे सरकते. सीटचा तो पूर्ण तुकडा, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, एकसारख्या बारीक फवाऱ्याने दमट करा आणि सगळा एकत्र टिपा. सुकताना मधे थांबायला जागा नसली की कड उमटत नाही. दारं उघडून वारा लागू द्या, पंखा लावलात तर आणखी बरं. ओली सीट ठेवून काचा बंद केल्या तर कुबट वास धरतो, आणि तो काढणं डागापेक्षा अवघड.

चहा. दुधाचा चहा म्हणजे टॅनिन (चहापत्तीतला डाग पाडणारा घटक), साखर आणि दूध. ताजा असेल तर गार पाणी आणि टिपणं पुरतं. तुमचा जुना आहे, तेव्हा आधी तोच फेस, मग व्हिनेगरचं पाणी. तरी तपकिरी सावली राहिली तर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये साधारण ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर बघून घ्या. तितकंच पाणी घालून ३ टक्के करा. कोपऱ्यात तपासल्याशिवाय मुळीच नको, ते रंग घालवतं. इथे दुकानवाल्याच्या स्टीमला माझा विरोध नाही, पण दूध साध्या गार पाण्याने आधी काढून घ्यावं. दुधातली प्रथिनं गरमाने घट्ट होतात. रक्त आणि पोराने केलेली उलटी यांनाही हाच नियम, गारच पाणी.

पान-माव्याचा जुना डाग कापडावरून पूर्ण जात नाही. फिका होतो. जो 'शंभर टक्के' म्हणेल त्याला पैसे काम झाल्यावर द्या.

खाली प्रतिक्रियांत एकाने रेक्झिनच्या सीटवरच्या डागाला थिनर सुचवलंय, ते वाचून राहवलं नाही. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी डाग जातो हे खरं. पण रेक्झिन मऊ ठेवणारा घटकही त्याच्याबरोबर निघतो, आणि उन्हाळ्यात ४० च्या वर पारा गेला की तिथे तडे जातात. रेक्झिनला सौम्य साबणाचा फेस आणि मऊ ब्रश, बस. बारीक भोकं असलेलं असेल तर फेससुद्धा पिळलेल्या स्पंजनेच.

आणि आणखी एक, हे डागापेक्षा महत्त्वाचं. पुढच्या सीटच्या दाराकडच्या कडेला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली आहे का बघा. असेल तर त्या बाजूला भिजवायचं नाही, जोराने दाबायचंही नाही. सीटखालचे पिवळे कनेक्टर ओढू नका. सीट काढून धुवायचा सल्ला कुणी दिला तर ते काम सर्व्हिस सेंटरचं, अंगणातलं नाही. सीटबेल्टला व्हिनेगर, ब्लीच, स्पिरिट काही नको, पाणी आणि चिमूटभर साबण. आणि ब्लीच व्हिनेगरमध्ये कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, गाडीच्या आत तर जीवावर बेतेल.

दुकानात द्यायचीच असेल तर किमतीआधी विचारा, पाणी परत ओढणारं मशिन आहे का. 'शॅम्पू मारून फडक्याने पुसतो' म्हणाले तर ते घरीच होतं. गाडी ओली परत घेऊ नका. आणि भंडाऱ्याचा डाग आहे, पावडर लागलेली आहे, हे त्यांना आधीच सांगा.

सध्या फक्त व्हिनेगरचा फवारा मारून बघा आणि काय रंग झाला ते इथे लिहा. पिवळा झाला तर वरचं सगळं लागू. लालच राहिला तर त्यात हळदीशिवाय काहीतरी रंग मिसळलेला आहे, बाजारच्या कुंकवात असतो तसा. मग अल्कोहोलला घाई करू नका, तो रंग पसरेल. आधी फोटो टाका, दिवसाच्या उजेडातला.