ताट भिरकावण्याच्या आधीचं बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की रंगपंचमीला गेर (इंदूरची रंग उडवत निघणारी मिरवणूक) संपल्यावर पाहुणे आले, तुमच्या ऑटिस्टिक भावाचं पान नेहमीच्या आतल्या खोलीऐवजी हॉलमध्ये मांडलं, त्यानं ताट भिरकावलं आणि भिंतीवर डोकं आपटत राहिला. काका म्हणाले, "एकतीस वर्षांचा घोडा, लाडावून ठेवलाय." मी स्वतः ऑटिस्टिक आहे, इंदूरचीच, म्हणून स्पष्ट सांगते: ताटाचा यात फार थोडा संबंध आहे.

राजवाड्याजवळचं घर. सकाळपासून डीजे, पाण्याचे टँकर, अंगाला चिकटलेले ओले कपडे, वर आल्यागेल्याशी हसून बोलायचं. हे सगळं त्यानं दिवसभर रेटलं. पानाची जागा बदलली तेव्हा रेटायला काही उरलंच नव्हतं. हट्ट हवं ते मिळालं की थांबतो. हा उद्रेक तसा थांबत नाही. आवाज, उजेड, स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवणं २०१३ च्या डीएसएम-५ (मानसोपचारात निदानासाठी वापरायची अमेरिकन पुस्तिका) पासून ऑटिझमच्या निकषांतच आहे, हे काकांना जरूर सांगा.

त्या वेळी समजावू नका. "काय झालं?" एवढंही विचारू नका. पाहुण्यांना बाहेर न्या, ट्यूबलाइट-टीव्ही बंद करा, डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी धरा. आवळून धरू नका. एकानंच जवळ थांबावं. जोरात लागलं असेल आणि नंतर उलटी किंवा गुंगी आली, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

खरं काम आधीचं. "राग आला की सांगत जा" हे त्याला जमेलच असं नाही. जवळपास निम्म्या ऑटिस्टिक लोकांना स्वतःची भावना ओळखणंच अवघड जातं. म्हणून शरीराच्या खुणा शोधा. माझी आधी कॉलर टोचायला लागते, मग पंख्याची घरघर माणसांच्या बोलण्यापेक्षा मोठी ऐकू येते, मग मी "हं" आणि "नको" एवढंच बोलते. तो "हं" ऐकला की आई मला आत जाऊ देते, कारण विचारत नाही. त्याच्या खुणा वेगळ्या असतील. तो शांत असताना दोघं मिळून लिहून काढा. पुढच्या गेरीला त्याला आदल्या रात्रीच दूरच्या नातलगांकडे पाठवता आलं तर उत्तम, पण आधी त्याला विचारून.

त्याच संध्याकाळी माफी मागायला लावू नका. शरम त्याला आधीच खात असते.

आणि हे अलीकडे अचानक वाढलं असेल, तर दात, पोट, झोप आधी तपासून घ्या. दुखणं सांगता आलं नाही की तेही असंच बाहेर पडतं. त्यातून काही निघालं नाही, तर प्रौढ ऑटिस्टिक माणसांचा अनुभव असलेले मानसोपचारतज्ज्ञ गाठा.