घरच्या बिअर केगमधून (बिअरच्या धातूच्या टाकीतून) सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, गळतोय, सिलिंडर भराभर रिकामा होतो, लीक कुठे आहे ते कसं शोधायचं?

आधी सिलिंडर चालू ठेवून प्रत्येक जॉइंटवर भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लाव, जिथे बुडबुडे वाढत राहतात तिथेच लीक. मग केगचा पाइप काढून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद कर आणि रात्रभर रेग्युलेटरवरचा हाय प्रेशरचा काटा (सिलिंडरकडचा दाब दाखवणारा) बघ, पडला तर दोष रेग्युलेटर किंवा पाइपमध्ये, नाही पडला तर केगमध्येच. केग जोडलेला असताना ही टेस्ट करू नकोस, थंड बिअर स्वतःच गॅस शोषून घेते आणि काटा उगाच उतरतो. मी स्वतः केग वापरतो, बहुतेक वेळा निघतं ते झाकणाचं किंवा पोस्टचं (केगवर पाइप जोडायच्या तोंडाचं) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, नाहीतर रेग्युलेटरचा वॉशर, त्यामुळे

- ओ-रिंगला फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस लाव, व्हॅसलीन नको, त्याने काही रबरं फुगतात
- झाकण बसवताना सुरुवातीला ३० पीएसआय दाब दे
- वापर नसेल तेव्हा सिलिंडर बंदच ठेव

फक्त एक, मुंबईच्या उकाड्यातून सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवलास की हाय प्रेशरचा काटा तसाही बराच खाली येतो, तो लीक नव्हे. आणि सीओटू हवेपेक्षा जड असतो, आपल्याकडच्या छोट्या बंद खोलीत खाली साचतो, म्हणून हे सगळं खिडक्या उघड्या ठेवूनच कर, प्लीज.