संगणकांच्या बुद्धिबळ स्पर्धेत भाग कोण घेतं? पुण्यातल्या विद्यार्थ्याला घेता येईल का?

या स्पर्धा मोठ्या कंपन्यांच्याच असतात का आणि पुण्यात इंजिनिअरिंग शिकताना स्वतःचं इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम) उतरवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. कंपन्या फार थोड्या. बहुतेक इंजिनांमागे नोकरी सांभाळून कोड लिहिणारा एकटा माणूस असतो. स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनामागे जगभरचे स्वयंसेवक आहेत. १९७४ साली स्टॉकहोमला पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती काइसा या सोव्हिएत प्रोग्रॅमने जिंकली. तेव्हा पटावर चाली करायला माणूस लागायचा. आज टीसीईसी या इंजिनांच्या ऑनलाइन स्पर्धेत सगळी इंजिनं आयोजकांच्याच यंत्रावर खेळतात, त्यामुळे पुण्याबाहेर पाऊल टाकायची गरज नाही. मुख्य अट मात्र कडक: कोड तुमचा हवा. दुसऱ्यांचा कोड वापरल्याच्या कारणावरून २०११ मध्ये रिब्का या इंजिनाची जागतिक विजेतेपदं काढून घेतली गेली.

ताकदीची चिंता नंतर करा, आधी इंजिन न अडखळता पूर्ण डाव खेळलं पाहिजे. पहिली पायरी पर्फ्ट चाचणी, म्हणजे इंजिन सगळ्या कायदेशीर चाली बरोबर मोजतं का ते बघणं. सुरुवातीच्या स्थितीतून एक, दोन, तीन, चार पातळ्या (दोन्ही बाजूंची प्रत्येक चाल म्हणजे एक पातळी) पुढे गेल्यावर निघणाऱ्या चालींच्या क्रमांची संख्या अनुक्रमे २०, ४००, ८९०२, १९७२८१ अशी तंतोतंत आली पाहिजे. एवढ्यावर थांबू नका. या स्थितीत सहाव्या पातळीपर्यंत कॅसलिंग येतच नाही, म्हणून तिथला बग लपून राहतो. म्हणून किवीपीट नावाची चाचणीसाठीची ठरावीक स्थितीही घ्या. तिचे पहिल्या तीन पातळ्यांचे आकडे ४८, २०३९, ९७८६२.

मग यूसीआय प्रोटोकॉल, म्हणजे इंजिन आणि सामना चालवणारा प्रोग्रॅम एकमेकांशी ज्या ठरावीक आज्ञांनी बोलतात ती पद्धत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे इंजिन चाल शोधतं, पण आउटपुट बफरमध्येच अडकतं. समोरच्याला काहीच मिळत नाही आणि वेळ संपून डाव जातो. प्रत्येक ओळीनंतर फ्लश करा, म्हणजे बफरमधलं लगेच बाहेर पाठवा. प्याद्याच्या बढतीत वजिराचं अक्षर लिहायचं राहून गेलं तरी चाल बेकायदा ठरते. घड्याळ दर दोन-एक हजार नोड्सनंतर (तपासलेल्या स्थितींनंतर) तपासा आणि प्रत्येक चालीला ५० ते १०० मिलिसेकंद राखून ठेवा.

सरावाचे सामने क्यूटचेस या इंजिनांचे सामने लावणाऱ्या प्रोग्रॅमवर लावा. सुरुवातीच्या चाली वेगवेगळ्या द्या आणि प्रत्येक ओपनिंग दोन्ही रंगांनी खेळवा, नाहीतर तोच डाव पुन्हा पुन्हा होतो. १०० डावांवरून निष्कर्ष काढू नका, कारण त्यात चुकीची मर्यादा साधारण ५० एलो (खेळाच्या ताकदीचे गुण) असते. १००० डावांत ती २०च्या आत येते. आणि हो, एप्रिल-मेच्या दुपारी लॅपटॉप तापून वेग उतरतो, म्हणून सामने रात्री लावा. पण बुधवारी रात्री लांबलचक सामना नको, गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याची शक्यता असते.

टीसीईसीआधी इंजिन लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर बॉट (आपोआप खेळणारं खातं) म्हणून खेळवून बघा. त्यासाठी एकही डाव न खेळलेलं नवं खातं लागतं. तुमचं रोजचं खातं चालणार नाही.