नॉर्थ कॅरोलायनात भाजल्याची भरपाई: आधी पाणी मोजा, मग फोन उचला

तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. भारतातून आलेले बाबा, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावातलं भाड्याचं घर, शॉवरच्या कढत पाण्याने भाजलेला खांदा आणि पाठ, घरमालकाचे इन्शुरन्सवाले म्हणतात एक डॉलरही देणार नाही, मग कॅलिफोर्नियातल्या मित्राला अशाच केसमध्ये पैसे कसे मिळाले असं तुम्ही विचारलंय. आमच्या सासूबाईंचं याच स्टेटमध्ये अगदी हेच झालं होतं म्हणून सविस्तर लिहितेय. मी वकील नाही, हे धरून वाचा.

मित्राशी तुलना सोडा. अपघात जिथे झाला तिथला कायदा लागतो. कॅलिफोर्नियात तुमची चूक २० टक्के ठरली तर भरपाई २० टक्क्यांनी कमी होते, बस. टेक्सासमध्ये ५० टक्क्यांपर्यंत चालतं, त्यापुढे शून्य, आणि फ्लोरिडाही २०२३ पासून तसंच करतं. आपल्या नॉर्थ कॅरोलायनात मात्र जखमी माणसाची १ टक्का चूक सिद्ध झाली तरी जवळजवळ नेहमीच सगळा क्लेम बुडतो. व्हर्जिनिया, मेरीलँड, अलाबामातही हेच. सात वर्षांखालच्या मुलाची चूक इथे धरतच नाहीत, पण म्हाताऱ्या माणसांना अशी सूट नाही.

म्हणून तर इन्शुरन्स कंपनीचा क्लेम तपासणारा माणूस, म्हणजे अ‍ॅडजस्टर एवढं गोड बोलतो. सासूबाईंची आधी तब्येत विचारली, मग सहज विचारल्यासारखं, "पाण्याखाली जायच्या आधी हात घालून बघितलं होतं का?" त्या खरं तेच बोलल्या, नाही म्हणाल्या. ते एक "नाही" पुढे इन्शुरन्सच्या प्रत्येक पत्रात येत राहिलं. समोरच्या, म्हणजे घरमालकाच्या, इन्शुरन्सला रेकॉर्डेड स्टेटमेंट द्यायची तुमच्यावर सक्ती नाही, वकील बघेपर्यंत बाबांना फोनवर देऊच नका.

पण खरा घात केला तो लीजिंग ऑफिसने, म्हणजे घर भाड्याने देणाऱ्या ऑफिसने. पाणी फार कढत येतं अशी तक्रार आम्ही आधीच त्यांच्या भाडेकरूंच्या वेबसाइटवर, पोर्टलवर, टाकली होती. सासूबाई भाजल्या आणि दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सचा माणूस येऊन वॉटर हीटरची सेटिंग खाली करून गेला, आधी किती होती ते कुठे लिहिलंच नाही, आणि जुनी तक्रार पोर्टलवरून दिसेनाशी झाली. कॉपी मागितली की मॅनेजर मीटिंगमध्ये, कॉर्पोरेटला विचारा, कॉर्पोरेट म्हणणार प्रॉपर्टीला विचारा. सासूबाईंच्या पाठीचं ड्रेसिंग सुटताना त्या दात आवळून बसायच्या आणि ही माणसं साधा कागद देत नव्हती, अजून आठवलं की संताप होतो. घरमालकाने प्लंबिंग सुरक्षित ठेवायचं हे इथल्या कायद्यात आहे हो, पण पाणी किती गरम होतं हेच दाखवता आलं नाही तर तो कायदा घेऊन करायचं काय?

सगळी केस त्या आकड्यावर उभी राहते. १२० फॅरनहाइटला गंभीर भाजायला काही मिनिटं लागतात, १४० ला पाच-सहा सेकंद. तेवढ्यात सत्तरीचा माणूस टबबाहेर येऊ शकत नाही, "हात घालून बघितलं का" याला खरं उत्तर हेच आहे.

तेव्हा आजच किचनमधलं थर्मामीटर नळाखाली धरून व्हिडिओ काढा, हीटरच्या डायलचा फोटो काढा, पोर्टलचे स्क्रीनशॉट घ्या, आणि मगच सेटिंग कमी करा. हीटर बदलला तरी जुना फेकायचा नाही हे ऑफिसला ईमेलने कळवा, तोंडी नको.

हॉस्पिटलच्या बिलाचा आकडा बघून हिशोब मांडू नका, इथल्या कोर्टात झालेल्या उपचारांची प्रत्यक्ष भरलेली किंवा बिल मिटवायला खरोखर लागणारी रक्कमच धरतात. पुढच्या वेळी आईवडिलांना बोलवाल तेव्हा व्हिजिटर इन्शुरन्स फिक्स्ड बेनिफिटवाला, म्हणजे प्रत्येक उपचाराला आधीच ठरलेली रक्कमच देणारा, घेऊ नका, स्वस्त असतो पण भाजण्याच्या उपचारांना फार तोकडा पडतो.

केस करायची मुदत इथे ३ वर्षं आहे (व्हर्जिनियात २, टेनेसीत १), पण त्यावर निवांत राहू नका, बाबांचं परतीचं तिकीट त्याआधीच आहे. ते विमानात बसायच्या आत वकिलाला सांगून त्यांचं म्हणणं शपथेवर नोंदवून घ्या, दुभाषा तुम्ही नको, बाहेरचा घ्या. आणि तिकडे गेल्यावरही व्रणाचे तारखेसकट फोटो आणि डॉक्टरांच्या पावत्या जपून ठेवायला सांगा.