सही करू नकोस

प्रिय बाळा,

काल संध्याकाळी तू आलीस, चहा पुढ्यात थंड झाला आणि तू नुसती मोबाइल उलटा-सुलटा करत बसलीस. नागपूरच्या मिहानमधल्या तुझ्या ऑफिसात मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून सांगितलं, स्वतःहून राजीनामा टाक, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ, नाही तर रेकॉर्ड खराब होईल. सोमवारपर्यंत मुदत. वर तूच मला विचारतेस, "काकू, काऊन वाद घालायचा? टाकून देऊ का?"

नाही. टाकू नकोस. जे काही म्हणायचं ते लेखी द्या म्हण.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, हे मी तुला सांगत बसणार नाही. ते तुला माहीत आहे आणि त्या केबिनमध्ये त्याचा उपयोग नाही. तिथे कागद चालतो. साडेतीन वर्षं तू काम केलंस त्याचे कागद कुठे आहेत, हे विचारलं तर म्हणालीस, "असतील मेलमध्ये." असतील म्हणजे काय गं?

मी 22 वर्षं बुटीबोरीच्या एका कारखान्यात एचआरमध्ये काढली. 2008 च्या दिवाळीनंतर ऑर्डरी आटल्या. 14 कामगार कमी करायचे होते, सगळ्यांची चार वर्षं होऊन वर सहा-सात महिने झालेले. रीतसर कपात केली असती तर औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागला असता. साहेब म्हणाले, राजीनामे घ्या, दोन महिन्यांनी सगळ्यांना परत घेऊ. 'वैयक्तिक कारणास्तव' असा मजकूर मी टाइप केला. मराठीत, म्हणजे त्यांना वाचता यावा म्हणून. एकानं विचारलं, "मॅडम, परत घेतील ना?" मी म्हटलं, "मी आहे ना."

तिघं परत आले, तेही ठेकेदाराकडून, नोकरीची वर्षं पुन्हा शून्यापासून. एकाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 5,200 होता. पाच वर्षं भरली असती तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, किती, तर 5,200 ला 26 नं भागून 15 नं गुणायचं, मग पाचनं. 15,000 रुपये. आपल्याला वाटतं एवढेच? त्याच्या पोरीचं लग्न त्या उन्हाळ्यात होतं.

त्यांचा राजीनामा लेखी होता आणि आमचं आश्वासन तोंडी. बस, एवढाच फरक होता.

मी लबाड नव्हते. साहेबांच्या शब्दावर माझाही विश्वास होता. घराचा हप्ता होता, पोरगा दहावीला होता, आणि मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणी ते अर्ज टाइप केले असते. हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले आणि त्यातलं काहीच खोटं नाही. तरी "मी आहे ना" म्हणणारी मीच होते. त्यानंतर माझ्या टेबलावरून एकही तोंडी शब्द बाहेर गेला नाही. पगारवाढ असो, बदली असो, कागद आल्याशिवाय मी कुणाला काही सांगितलं नाही. दोनदा माझं प्रमोशन अडलं. अडू दे.

माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस कापड मिलमध्ये होते. 1877 साली सुरू झालेली ती मिल आता नाही, तिच्या जागेवरच्या मॉलमध्ये तू सिनेमा पाहायला जातेस. पण आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत पगाराची एकूणएक चिठ्ठी होती, तारखेप्रमाणे दोऱ्यानं बांधलेली. चौथी शिकलेला माणूस. तुम्ही पोरं इंजिनिअर होऊन नेमणुकीचं पत्र शोधता!

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. नेमणुकीचं पत्र देणं मालकाला बंधनकारक आहे. कपातीची नोटीस आणि भरपाई आता औद्योगिक संबंध संहितेत आहे. तुझं काम त्यात 'कामगार' म्हणून बसतं का, ते पदनामावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं, म्हणून पत्र मला पाहायचंच आहे. पण तू स्वतः राजीनामा दिलास की ती कपातच राहत नाही. मग सगळं तुझ्या सहीनंच मिटलं. म्हणून तर ते तुझ्याकडून मागतात!

आज रात्रीच मेल लिही. भांडू नकोस, रडगाणं नको, चार ओळी: "दिनांक अमुक रोजी दुपारी आपण मला राजीनामा देण्यास सांगितले. राजीनामा देण्याचा माझा विचार नाही. माझ्या कामाबाबत तक्रार असल्यास ती लेखी कळवावी. मी नेहमीप्रमाणे कामावर येत आहे." मॅनेजरला आणि एचआरला, दोघांनाही. फोन आला तर ऐकून घे आणि म्हण, "सर, हेच मेलवर पाठवा." पुन्हा फोन आला तर पुन्हा तेच म्हण.

नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, कामाचे वार्षिक शेरे, सगळं छापून घे. कंपनीच्या कामाच्या फायली मात्र घरी आणू नकोस, त्यांना आयतं कारण मिळेल. दुसरी नोकरी हवी असेल तर जरूर शोध, पुण्याला जा, पण हातात नेमणुकीचं पत्र पडेपर्यंत इथली खुर्ची सोडू नकोस.

रविवारी सकाळी ये. कागद घेऊन ये, नुसता मोबाइल नको. तर्री-पोहे करून ठेवते.

तुझी काकू